भावासमोर

पपईची एक काळी बी अंगठ्याच्या नखाखाली अडकली होती, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून म्हातारी लुसेआने ती टोकरत होती... सकाळी डुकरांना पपई फोडून घातली तेव्हाची. पोट दगडासारखं झालं होतं. आज आठवा दिवस.

बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून, तिचा धाकटा भाऊ फिलिमोने.

"आजी, परसाकडे शेवटचं कधी झालं?" नर्स सिसिलियाने मोठ्याने विचारलं. शहरात शिकून आलेली पोर. टोंगाच्या बेटांवर सख्ख्या भावाच्या कानावर बहिणीच्या अंगाचा, पोटाचा कुठलाही शब्द पडू द्यायचा नाही, हे विसरली की काय...

"आजच," लुसेआने म्हणाली.

सिसिलियाच्या कपाळाला आठी पडली. "मग एवढं दुखतंय कशानं? उद्याच्या बोटीनं मोठ्या इस्पितळात पाठवते."

बोट — आईलाही पोटासाठीच बोटीनं नेलं होतं, आणि आणलं ते चटईत गुंडाळून. खरं सांगावं... पण तो तिथेच बसलाय! लहानपणी दोघं खडकांवर शेजारी शेजारी बसायची, लाट आली की उठून पळायची, हसून हसून पडायची. मग एक दिवस आई म्हणाली, आजपासून तो वेगळ्या झोपडीत निजेल, त्याच्यासमोर अंगाचं काही बोलायचं नाही. साठ वर्षं पाळलं. नऊ दिवसांपूर्वीच्या वादळात त्याचं छप्पर उडालं आणि तो तिच्या अंगणातल्या खोपटात आला. दिवसभर जाळं विणत बसतो — आणि संडास त्याच्या डोळ्यांसमोर. जावं तरी कसं? कळ आली की दाबायची, पाणीच कमी प्यायचं. त्यात बहिणीचा मान म्हणून तो आणतो ते डब्यातलं मांस आणि पांढरा पाव. नको कसं म्हणणार?

"अक्का, गाडीचं चाक बघून येतो," फिलिमोने भिंतीला म्हणाला आणि गेला.

चाक तर कालच बदललं होतं.

"आठ दिवस झाले गं," ती एका दमात बोलून गेली.

"अगं आजी!" सिसिलिया हसू दाबत म्हणाली. "आता औषध देते, चार दिवसांत फरक नाही पडला तर मात्र बोट. डबे बंद. अळूची पानं खा, भरपूर पाणी पी, रोज चाल. आणि पपई तू खा! सगळ्या गावासारखी तूही डुकरांना घालतेस, म्हणून ती ठणठणीत आणि तू अशी. कळ आली की मात्र थांबायचं नाही, समोर राजा बसलेला असला तरी."

खिडकीतून तो दिसत होता. चाकाकडे पाठ, दवाखान्याकडेही पाठ. म्हणजे त्याला ठाऊक होतं? आत्ता कळलं, की आठही दिवस? ठाऊक असून तिथेच बसून राहिला... की उठून गेला असता तर ठाऊक असल्याचं उघड झालं असतं, म्हणून? आता घरी जाऊन त्याला दुसरीकडे बस म्हणून सांगायचं कोणी, आणि कुठल्या शब्दात? लाज वाटायला हवी होती. ती मनात चाचपत राहिली, सिसिलियाने पोट चाचपावं तशी — आणि हाताला लागला तो राग, साठ वर्षं पाळलेल्या त्या नियमावरचा, घट्ट...