ताईचा अर्धा चेहरा

पेन्सिलीचं टोक पुन्हा मोडलं. सुईसारखं तासलेलं शिसं—काचेला नुसतं टेकलं की मोडायला निमित्तच शोधत असतं... त्यानं चरफडत ते पॉलिश पेपरवर घासलं. तिरक्या चौकटीत, उजेडासमोर, गिऱ्हाइकांच्या काचेच्या निगेटिव्ह एकामागून एक लावायच्या. निगेटिव्हवर शिसं भरलं की छापात तेवढं उजळ होतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालांचे खड्डे, सगळं गुळगुळीत—जन्मभर लोकांच्या तोंडांना इस्त्री करत बसलो, दुसरं काय!

ताईची काचही त्याच काचांत ठेवलेली होती; तिला मात्र हात लावायचा नाही, हे ठरलं होतं. एकाच खिडकीचा उजेड, अर्धं तोंड सावलीत, ओठ घट्ट मिटलेले. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून ती अशीच बसते, तशीच त्यानं ती टिपली होती. या आठवड्यात फोटो प्रदर्शनाला जायचा होता. आयुष्यात एक तरी फोटो त्याचा स्वतःचा होता.

बाबांनी कच्ची प्रत उचलून दाराशी नेली. स्टुडिओ अजून त्यांचाच.

"अर्धं तोंड कुठं सांडलंस हिचं? गिऱ्हाइकाला दोन डोळे असतात."

"ती गिऱ्हाईक नाहीये, बाबा."

"मग तर नीट काढायचा होतास."

बाबा गेले, भांडण राहिलं. नीट म्हणजे काय हो? सावली म्हणजे काय डाग आहे? पोरीच्या तोंडावरचं तुम्हाला दिसत नाही, की बघायचंच नाही?—तो मनातल्या मनात त्यांना असा झापत होता, एकेक मुद्दा बिनतोड, आणि ते गप्प... हात आपला काचा बदलत होता, शिसं बारीक टिंबं देत होतं...

मग त्याची नजर चौकटीवर ठरली. ताई! डोळ्याखालची सावली जवळजवळ भरून झाली होती.

स्वतःला शिव्या घालत त्यानं कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. पुसलं की जाईल, त्यात काय एवढं! पण काम बेमालूम झालं होतं. निगेटिव्ह उलटी वाचायला सरावलेल्या त्याच्या डोळ्यांना ताई लग्नाआधीसारखी दिसली, आत्ता हसेल अशी. इतक्या मायेनं त्यानं कुणाचाच चेहरा भरला नव्हता. बाबांवरचा राग आता काढायचा कुणावर? बोळा तसाच हातात... तिचं दुःख चारचौघांत भिंतीवर टांगायला निघालो होतो मी, आणि मला स्वतःलाच ते बघवत नाही.