काळ्यावरचा आळ

"यांची आई कुठे आहे?" डॉक्टर प्रतीक्षाने टोपलीत डोकावत विचारलं.

टोपलीत लिंबाएवढी तीन काटेरी पिल्लं होती. मुंजाजी ती गमछ्यात गुंडाळून आखाडा बाळापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन आला होता.

"मेली."

"कशाने?"

मुंजाजीने भिंतीवरच्या लाळ्या-खुरकुताच्या पोस्टरकडे बघितलं. "कुत्र्यानं," तो म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं नेहमी उघडंबोडकं वाटतं, त्याला वर काहीतरी पांघरावंसं वाटतं. "रुख्मिणीबाईच्या आखाड्यावरचं काळं कुत्रं हाय ना, त्यानं."

"आणि ह्याची पाठ कशी भाजली?"

"शेजारी पाला पेटला हुता."

डॉक्टरणीने मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. ही सायाळ नव्हे, तिने सांगितलं. सायाळ कंदमुळं खाते. हा जाहक, आकाराने लहान, किडे खाणारा. गाईचं दूध अजिबात द्यायचं नाही. शेळीचं द्यायचं, ड्रॉपरने, दर तीन तासांनी. "मी वन विभागाला कळवते. तोवर सांभाळाल? दुसरं कुणी नाही माझ्याकडे."

"सांभाळतो," मुंजाजी म्हणाला. नाही म्हणायचं तोंडच नव्हतं त्याला.

खरं घडलं होतं ते असं. मुंजाजी हळद शिजवणाऱ्या कुकरवर जाळाला बसायचा. फाल्गुन-चैत्रात हा कुकर ट्रॅक्टरला जोडून शेतोशेत फिरतो. त्या सकाळी रुख्मिणीबाईच्या शेतात हळद अर्धी शिजली असताना वाफ उतरली. कुकरचा मालक अमृतराव बांधावरून ओरडला, "आरं, जाळ घाल की! झोपला काय?" जळणाच्या पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं, संपत आल्या होत्या. मुंजाजीने दाताळ्याने बांधाकडेचा हळदीचा वाळका पाला ओढला. पाल्याचा ढीग हलला. घूस असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण आत काहीतरी जिवंत आहे हे त्याला कळलं होतं, हेही तितकंच खरं. त्याने तो भारा तसाच भट्टीत लोटला. आतून बारीक, लेकरासारखा आवाज आला. मुंजाजीने दार लावून घेतलं.

उडालेल्या ठिणगीने ढिगाचा उरलेला पाला पेटला, तो त्याने पायाने विझवला. तेव्हा रुख्मिणीबाईचं ते काळं कुत्रं, काळ्या, तिथे येऊन बसला. ना भुंकला, ना कशाला तोंड लावलं. नाक खाली घालून नुसता कुंई कुंई करत राहिला, मुंजाजी येऊन पाला बाजूला करीपर्यंत. पिल्लं दाखवली ती त्याने.

आणि आळ आला त्याच्यावर.

घरी त्याच्या बायकोने, जनकाबाईने, टोपली बघून कपाळावर हात मारला. "सायाळीचा काटा घरात आला की भांडण लागतंय, म्हाईत न्हाई का तुमाला?"

"सायाळ न्हाई ती. डॉक्टरबाई म्हनल्या."

"काटा तर हाय!"

तरी शेळी तिनेच पिळली. मुंजाजी दर तीन तासांनी उठायचा, ओल्या कापसाने पिल्लांची पोटं पुसायचा, म्हणजे ती मुतायची. बेचाळीस अंशांच्या उन्हात टोपलीवर ओलं पोतं टाकायचा. भाजलेलं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं आठवड्याने. तिसरं जगलं. ते वाळवी खायला लागलं तेव्हा मुंजाजी वारुळं उकरत गावभर फिरला. लोक हसले, मग कौतुक करायला लागले. डॉक्टरणीने त्याचा फोटो काढला, तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला. हिंगोलीहून त्याच्या साडूचा फोन आला, "नाव काढलं राव तुमी!" मुंजाजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरात भांडण मात्र लागेना. लागलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. कुणीतरी तोंडावर शिव्या द्यायला हव्या होत्या.

मृग बरसून गेला, किडामुंगी झाली. आता सोडायचं, डॉक्टर म्हणाली, आणि जिथे सापडलं तिथेच सोडायचं. "फक्त त्या कुत्र्याचं बघा. बाईंना तुम्हीच सांगा."

रुख्मिणीबाई आखाड्यावर, शेतातल्या घरात, एकटी राहायची. नवरा गेल्यापासून सोबतीला काळ्या होता. मुंजाजीने निरोप सांगितला तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"नऊ वर्सं झाली. कोंबडीच्या पिल्लाला कदी तोंड लावलं न्हाई त्यानं. तुमी डोळ्यानं बघितलं?"

खरं बोलायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. काळ्या दारात पाय पसरून पडला होता. मुंजाजीकडे बघून त्याने शेपटी जमिनीवर आपटली.

"व्हय," मुंजाजी म्हणाला.

"मग कळमनुरीला भावाकडं धाडते त्याला. मुक्या जिवाची हत्या माज्या बांधाला नगं."

पंधरा दिवसांनी, दिवस कलताना, दोघांनी मिळून ते पिल्लू सोडलं. आता ते चांगलं पेरूएवढं झालं होतं. मुंजाजीने टोपली बांधावर आडवी केली. जाहक थोडा वेळ चेंडू होऊन पडला, मग नाक बाहेर काढलं, हुंगलं आणि गवतात शिरला. मागे वळून बघितलंही नाही.

"लई पुण्य केलं भाऊ तुमी," रुख्मिणीबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुमच्यामुळं मलाबी थोडं लागलं."

ते मुंजाजीला सहन झालं नाही.

"ह्याची आय काळ्यानं न्हाई मारली, बाई. म्या मारली. पाल्यासंगं भट्टीत घातली. हलताना बघितलं हुतं म्या. पिल्लं तर काळ्यानंच दावली."

रुख्मिणीबाईने पदराने तोंड पुसलं.

"तो दोनदा मागं आला हुता," ती म्हणाली. "एवढ्या लांबून. पाय सोलले हुते त्याचे. पहिल्या बारीला काठी मारली म्या. दुसऱ्या बारीला ढेकळं. तुमचा सबूद खरा धरून."

"बाई..."

"काहून बोलले न्हाई तुमी?"

लाज वाटली, हे काही उत्तर नव्हे. मुंजाजी रिकामी टोपली घेऊन घरी आला आणि जनकाबाईला सगळं सांगितलं. ती भांडली नाही. "सकाळच्यानं जावा, घिऊन या त्याला," एवढंच म्हणाली.

सकाळच्या पहिल्या एसटीने तो कळमनुरीला गेला. रुख्मिणीबाईचा भाऊ उत्तमराव ओट्यावर दात घासत होता. त्याने खांबाला लोंबणारा तुटका दोर दाखवला. "आठ दिवस झाले की. आमाला वाटलं, बहिनीकडंच गेला आसंल."

मुंजाजी एसटीने परतला नाही. नांदेड रोडने बाळापूरच्या दिशेने चालत निघाला. प्रत्येक आखाड्याशी, रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीशी उभा राहून तो काळ्याला हाका मारायला लागला. ट्रक धूळ उडवत जात होते. एका टपरीपाशी काळी दोन कुत्री झोपली होती. दोघांनीही कान टवकारले, मग पुन्हा माना टाकल्या.

टपरीवाल्याने चहा पुढे केला. "कुत्रं हरपलं का? तुमचं?"

"माजं न्हाई."

"वळखायची काय खून हाय, सांगा. ह्या रोडला लई फिरतेत."

"काळं हाय."

"काळी तर मस हायत. आनखी काय?"

मुंजाजीने ग्लास तसाच हातात धरला. आतापर्यंत त्या कुत्र्याविषयी त्याने जे जे सांगितलं होतं ते दवाखान्याच्या कागदावर होतं, गावाच्या तोंडी होतं.

"गुनाचं हाय," तो म्हणाला. "लई गुनाचं."

टपरीवाला हसला. "आवो, ही काय खून झाली का?"

मुंजाजीने चहा संपवला, ग्लास विसळून ठेवला आणि पुढच्या आखाड्याकडे चालायला लागला.