चादरीवरचं पॅरिस

सासूबाई गेल्या त्या गुरुवारी तार ऑफिस उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन उभी राहिले होते. घरी हे प्रेताजवळ बसलेले, मग जाणार कोण? लंडनला माझ्या धाकट्या दिरांना, सदानंद भावोजींना, तार केली : आई गेली, निघून या. पावती कमरेला खोचली. सासूबाईंना नेल्यावर रिवाजाप्रमाणे नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि पावतीचा लगदा झाला.

भावोजी आले नाहीत. पहिल्या मासिक श्राद्धाला सगळे जमलेले असताना त्यांचं पत्र आलं. ह्यांनी ते मोठ्याने वाचलं. तार आलीच नाही म्हणे. दादाचं पत्र मिळालं तेव्हा, बाराव्या दिवशी, कळलं. त्याच दिवशी मिशी उतरवली. 'आई जाऊन दोन दिवस झालेले, आणि आम्ही करंटे काही ठाऊक नसताना शनिवार-रविवार पॅरिस बघत हिंडत होतो.'

चिपळूणच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, तिथल्या तिथे म्हणाल्या, "अगो, तार करायला काय जीव जात होता तुझा? दीर येईल, त्याचं करावं लागेल, म्हणून नाही केलीन हो हिने!"

मी केली म्हणून सांगितलं. तार ऑफिसात जाऊन विचारा म्हटलं. हे म्हणाले, "घरची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत. केली असतीस तर पोचली असती."

तीन वर्षं त्या माउलीचं अंथरुणात केलं मी. कूस बदलली, भांडं दिलं, पेज भरवली. आणि आता मी मुलाला आईच्या दिवसांना येऊ न देणारी सून! आत्याबाईंनी हे चिपळूणपासून सावर्ड्यापर्यंत पोचवलं. त्यांना तार ऑफिसची गरज नव्हती.

वर्षश्राद्धाला भावोजी आले, सोबत पद्मजा, त्यांची बायको, आणि भिंतीवर चित्रं पाडायचं एक यंत्र. ओठावर मिशी पुन्हा जाड झालेली. खोली झाडताना त्यांच्या पिशवीतली स्लाइडांची डबी हाताला लागली. एक काढून खिडकीच्या उजेडात धरली. मग दुसरी. डबी होती तशी ठेवली. त्या दुपारी वर्षात पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

श्राद्ध पार पडलं. दुसऱ्या दिवशी गोडाचं जेवण झाल्यावर मी म्हटलं, "भावोजी, आम्ही कुठले जातोय पॅरिसला? दाखवा की सगळ्यांना." ते खूश. खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं आठवत नाही. ज्याच्या माथी बसतं त्याला ते पाठ असतं.

माजघराच्या खिडक्यांना गोणपाटं लावली. पडदा म्हणून सासूबाईंच्या अंथरुणावरची पांढरी चादर टांगली. मुद्दामच. आत्याबाईंना पुढे बसवलं.

आधी भावोजींच्या मुलीचा वाढदिवस आला, पॅरिसला जायच्या आठवड्यातला. भावोजी केक कापतायत, मिशी झुपकेदार. मग पद्मजा सांगायला लागली, हा आयफेल टॉवर, ही नदी, ह्या बोटीतून आम्ही फिरलो. टॉवरखाली भावोजी आइस्क्रीम खात हसत उभे. वरचा ओठ सोललेल्या बटाट्यासारखा.

"भावोजी," मी विचारलं, "हे त्याच शनिवार-रविवारचं ना?"

"हो वहिनी. करंटे आम्ही."

"मग मिशी कुठाय?"

"तेव्हा तशी फॅशन..." पद्मजा पुटपुटली. मी ओच्यातून ते पत्र काढलं आणि यंत्राच्या उजेडात धरून ती दोन वाक्यं वाचली. बाराव्या दिवशी कळलं. त्याच दिवशी मिशी उतरवली. पत्राची सावली आयफेल टॉवरवर पडली होती.

"तार कधी मिळाली रे?" ह्यांनी विचारलं.

"शुक्रवारी." भावोजी म्हणाले. "तिकिटं काढलेली होती, दादा. मुलीने हट्ट धरलान. आणि येऊन आई थोडीच भेटणार होती?"

"मिशी मात्र काढलीत," मी म्हटलं.

"आईसाठी उतरवायची असते ना, वहिनी. तेवढं तरी..."

मला दया आली नाही. आली असती तर सांगितलं असतं. आत्याबाई पदर सावरत उठायला लागल्या. "बसा आत्याबाई," मी म्हटलं. "अजून बावीस आहेत. लावा भावोजी, पुढचं लावा."

त्यांनी लावली. बावीसच्या बावीस. चर्च, कारंजी, बाजार, आणि प्रत्येक ठिकाणी तो उघडा ओठ.

सगळे उठून गेल्यावर हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. "आधी मला एकट्याला सांगायचंस."

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "वर्षभर. तुम्हाला बायकोचा शब्द पुरला नाही."

मी चादर उतरवली. घडी घालायला दुसरं टोक धरावं म्हणून ह्यांनी हात पुढे केला. मी एकटीनेच घडी घातली.