बैठ्या कपाटावरची वृत्तचिती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी वृत्तचिती आहे. नाव ऐकून पळू नका. दोन्ही टोकांना सपाट गोल पृष्ठं, मध्ये गुळगुळीत वळलेलं एक पृष्ठ आणि टोचणारा कोपरा एकही नाही, अशी मी. मुलं मला डबा म्हणतात. मुद्दाम म्हणतात, मला ठाऊक आहे.

माझा स्वभाव जरा संशयी आहे, पण त्याला कारण आहे. सुताराने एका लांबलचक दांड्यातून मला कापून काढलं. "हिला शाळेत पाठवतो," असं लाडाने म्हणाला आणि त्याच दांड्यातल्या माझ्या पाठच्या बहिणींची लाटणी करून मोकळा झाला. तेव्हापासून कोणी गोड बोलत जवळ आलं की आधी त्याच्या हातात करवत आहे का ते मी बघते.

शाळेत आम्ही पाच जण होतो. घनाला सहा पृष्ठं, सगळी सारखी, शिवाय आठ कोपरे, त्यामुळे त्याचा तोरा विचारू नका. इष्टिकाचिती त्याचीच चुलत बहीण, विटेसारखी लांबट. शंकूला टोक एकच, पण नाक कायम वर. आणि गोल! कुठूनही बघा, तसाच दिसतो. इतक्या सरळ मनाच्या कोणावर माझा विश्वास बसत नाही. झालंही तसंच. एकदा तो एका मुलाच्या हातून सुटला आणि जिन्यावरून टणाटण उड्या मारत थेट गटारात गेला. मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्य बाईंनी, नवा गोल आणवला आणि फर्मान काढलं, "यापुढे आकार लांबून बघायचे. कोणी हात लावायचा नाही."

मला तर हायसं वाटलं. मुलांचे हात चिकट असतात आणि ते खिशात काय घालतील याचा नेम नसतो.

वर्गावरच्या बाई आम्हाला एका बैठ्या कपाटावर ओळीने मांडायच्या. कपाट त्यांच्या कमरेला लागायचं. मुलं समोर चटईवर बसायची. बाई कपाटाशी उभ्या राहून माझ्यावर बोट ठेवायच्या.

"हिचं पृष्ठ कसं दिसतं?"

"गोऽऽल!" अख्खा वर्ग ओरडायचा.

"चौकोन," पहिल्या रांगेतून एक आवाज यायचा.

ही बारकी. अंगाने लहान म्हणून सगळे तिला बारकीच म्हणायचे. शंकू दाखवला की म्हणायची त्रिकोण. वर्ग खो-खो हसायचा. मी, एवढी घासूनपुसून गोल केलेली बाई, मला चौकोन? हिला नक्की त्या घनाने फितवलं असणार, असं माझं पक्कं मत झालं. तो माझ्या शेजारी गप्प उभा असायचा. निष्पाप माणूस एवढा गप्प राहतो का?

पुढे पुढे बाईंनाही तिचा संशय यायला लागला. मुलगी वात्रटपणा करते की तिला खरंच समजत नाही, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी बारकीच्या आईला बोलावून घेतलं.

"सोमवारी मोठ्या बाई तपासायला येणार आहेत," बाई म्हणाल्या. "हिला आकार ओळखता आले नाहीत, तर लहान गटात परत बसवावं लागेल."

"अहो, पण लहान गटात तिचा धाकटा भाऊ आहे!" आई कळवळून म्हणाली. "त्याच्या शेजारी बसवणार हिला? तो घरभर चिडवेल. पोर शाळेचं नावच टाकेल हो."

"मलाही वाईट वाटतंय. पण बाकीच्यांना जमतं, मग हिलाच का नाही?"

बारकी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. रडली नाही. तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी ओळखते, माझीही तशीच आहे.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला आणि ही पोर पाय न वाजवता आत आली. मला उचलून तिने काखेत मारलं. झालं, संपलं, मी म्हटलं, आता एक तर गटार नाही तर चूल! पण ती मला घेऊन चटईवर गेली. तिने मला उभं केलं आणि वरून वाकून पाहिलं. मग पालथी पडली, गाल जमिनीला टेकवला आणि समोरून पाहिलं. पुन्हा वरून, पुन्हा समोरून.

"लबाड!" ती मला म्हणाली. "बाईंना एक तोंड दाखवतेस आणि मला दुसरं."

मित्रांनो, आयुष्यभर मी जगावर संशय घेतला. माझ्यावर कोणी घेतला नव्हता. मला फार राग आला, आणि खरं सांगते, ती पोर मला आवडलीही.

तेवढ्यात बाई आत आल्या. "बारके! हात लावायचा नाही ना? चोरून घेतेस?"

"बाई, चोर ही आहे! तुम्हाला गोल दाखवते, मला चौकोन दाखवते. खोटं वाटतं तर माझ्या जागेवर बसा ना." तिने मला कपाटावर परत उभं केलं आणि बाईंचा हात धरून ओढलं.

बाई रागातच होत्या, पण बसल्या. चटईवरून त्यांनी कपाटाकडे पाहिलं. वरून दिसणारं माझं गोल झाकण तिथून दिसतच नव्हतं. दिसत होता तो एक उभा चौकोन, आणि पलीकडे शंकूचा त्रिकोण.

"अगं बाई गं," त्या पुटपुटल्या. बराच वेळ उठल्याच नाहीत.

सुट्टी संपून मुलं आत आली, तर बाई चटईवर. मुलं चपापली. "घाबरू नका," बाई म्हणाल्या. "खरं खरं सांगा, इथून तुम्हाला डबा कसा दिसतो?"

सगळी एकमेकांकडे बघायला लागली. मग एक जण हळूच म्हणाला, "चौकोन."

"मग रोज गोल का म्हणता?"

"गोल म्हटलं की तुम्ही शाबास म्हणता."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी बारकीला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

सोमवारी मोठ्या बाई आल्या, तेव्हा आम्ही सगळे मुलांच्या हातात होतो. "हे काय? माझं फर्मान?" त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मी मोडलं," बाई म्हणाल्या. "आधी हिला विचारा, मग मला रागवा."

बारकी उठली. "ही वृत्तचिती. वरून बघितली तर गोल, समोरून चौकोन. आडवी केली की घरंगळते, उभी केली की गप्प बसते. हिच्यावर एका बाजूने विश्वास ठेवायचा नाही." मोठ्या बाईंनी मला हातात घेतलं, वर केलं, खाली केलं, आणि बारकीच्या हातात परत दिलं. बारकी तिच्याच वर्गात राहिली.

आता माझं पॉलिश उडालंय, एका कडेचा टवका गेलाय. घन म्हणतो, तू म्हातारी दिसतेस. म्हणू दे. मित्रांनो, मला जपायचं असेल तर उंचावर ठेवू नका. हातात घ्या, उलटीपालटी करा, पडले तर उचला. आणि सगळा वर्ग एक म्हणत असताना एखादी वेगळंच काही म्हणाली, तर हसायच्या आधी तिच्या जागेवर जाऊन बसा. माझं ऐकून गप्प बसू नका. मी सांगते म्हणून विश्वास ठेवा, असं मी तरी कधी सांगणार नाही. स्वतः वाकून बघा.