कोरड्या फरशीवर उभी

मी पाटी बोलतेय. दारावर नाव मिरवणारी नव्हे आणि दुकानावर चमकणारी तर नव्हेच. फरशी पुसली की तिथे मांडतात ना, ती पिवळी, दोन पायांची, घडी होणारी पाटी. 'सावधान! फरशी ओली आहे' असं माझ्या दोन्ही अंगांवर लिहिलंय. खाली घसरणाऱ्या माणसाचं चित्र आहे. तो बिचारा जन्मापासून घसरतोय, पण अजून पडलेला नाही. पडली ती एक बाई. तिच्या बाबतीत माझ्या तोंडी खोटं घातलं गेलं, म्हणून आज बोलावंसं वाटलं.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं आणि एका दमात आम्ही चाळीस बहिणी बाहेर पडलो. छापणाऱ्याने माझ्यावर शाई जरा जास्त दाबली, म्हणून माझं 'सावधान' सगळ्यांत ठसठशीत. मला त्याचा केवढा तोरा! वाटायचं, मी उभी असेन तिथे कुणाचं हाड मोडायचं नाही. नव्या वस्तूंना असं काहीबाही वाटत असतं.

मी आले ती बसस्थानकाजवळच्या एका तीनमजली हॉटेलात. इथे लोक एक रात्र टेकतात आणि सकाळी पुढची बस पकडतात. फरशी पुसणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणते. मावशींची पद्धत ठरलेली. आधी मला मांडायचं, मगच पोछा बादलीत बुडवायचा. "तू उभी राहा गं, मी आलेच," असं म्हणून त्या कामाला लागायच्या. ते दिवस चांगले होते.

मग मॅनेजर बदलला. नव्या साहेबाने आल्या आल्या लॉबीत मोठा आरसा लावला, कुंड्या मांडल्या आणि सगळ्याचे फोटो काढले. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात मी. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, ही पाटी आत ठेवा. दवाखान्यासारखं वाटतं."

"साहेब, पण फरशी ओली असते सकाळी."

"लोकांना डोळे आहेत."

झालं. माझी रवानगी कोठीत, जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्याला टेकून. तिथे मी सात महिने काढले. एका कोळ्याने माझ्या डाव्या कोपऱ्यापासून घसरणाऱ्या माणसाच्या डोक्यापर्यंत जाळं विणलं. निदान त्याला तरी माझा उपयोग झाला, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

आता त्या सकाळचं सांगते. साडेसात वाजले असतील. मावशी नाश्त्याच्या खोलीकडे जाणारा बोळ पुसत होत्या. कोठीचं दार उघडं होतं आणि बोळ समोरच, म्हणून मला सगळं दिसत होतं. मावशींनी त्या दिवशीही विचारलं होतं, "साहेब, पाटी काढू का? आज साबण जास्त पडलाय." साहेबांनी फोनवर बोलता बोलता नुसता हात हलवला. तेवढ्यात एक नवरा-बायको नाश्त्याला निघाले. साठीतली बाई पुढे आणि मागे तिचा नवरा, निवृत्त शाळामास्तर. लेकीचं बाळंतपण आठ दिवसांवर आलेलं, तिकडेच निघाले होते दोघं. बाईंचं मागे वळून बोलणं चालू होतं, की बाळाची दुपटी वरच्या पिशवीत ठेवली का खालच्या.

आणि त्या पडल्या. उजव्या हातावर. काडकन आवाज झाला, तो मला कोठीत ऐकू आला.

यापुढे जे घडलं ते नीट ऐका. मोडला त्यांचा हात आणि माफीही त्यांनीच मागितली. "काही नाही, काही नाही, माझंच लक्ष नव्हतं," असं त्या मावशींना म्हणाल्या. मावशी थरथरत होत्या, म्हणून त्यांना धीर द्यायला! मास्तर बायकोला खुर्चीत बसवून परत आले, गळ्यातला टॉवेल काढला आणि गुडघ्यावर बसून फरशी खसाखसा पुसायला लागले. का, तर आणखी कुणी पडू नये. मी आतून ओरडत होते, "अहो मास्तर, राहू द्या तसंच! आधी चार माणसांना दाखवा, फोटो काढा!" पण पाटीला आवाज कुठला? आमचं जे काय बोलणं, ते छापलेलं.

मॅनेजर धावला, पण बाईंकडे नाही. तो आला कोठीत. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याने मला हात लावला. मास्तर पाणी आणायला वळले, तेवढ्यात मला बोळात उभी करून त्याने फोटो काढला. बाई फोटोत येणार नाहीत, एवढी काळजी मात्र घेतली. मग एकदम मऊ आवाजात, "आजी, गाडी बोलावलीये हं, तुम्ही मुळीच चिंता करू नका."

मास्तरांना एक खोड होती. कुठेही अभिप्रायाची वही दिसली की दोन चांगली वाक्यं लिहिल्याशिवाय पाय निघायचा नाही. गाडी येईपर्यंत मॅनेजरने वही पुढे केली आणि मास्तरांनी सुरेख अक्षरात लिहिलं: 'कर्मचाऱ्यांनी तत्परतेने मदत केली. आमची काहीही तक्रार नाही.' खाली सही, तारीख, वेळसुद्धा! त्या सहीकडे बघून मला रडू कोसळलं असतं, पण प्लास्टिकला तेही जमत नाही.

मला त्या दिवसापासून काउंटरमागे टेकवून ठेवलं होतं. महिन्याभराने त्यांच्या लेकीचं पत्र आलं. हाताला प्लास्टर आहे, बोटं नीट मिटत नाहीत, त्या दिवशी नेमकं काय झालं ते कळवा. मॅनेजरने उत्तर लिहिलं आणि गालात हसत काउंटरवरच्या मुलीला वाचून दाखवलं. एक, फरशी कोरडी होती. दोन, 'फरशी ओली आहे' अशी पाटीही ठेवलेली होती. तीन, तुमच्या वडिलांचा अभिप्राय सोबत जोडला आहे. कोरड्या फरशीवर ओलीची पाटी कशाला, हे त्या मुलीनेही विचारलं नाही. माझा फोटो पाकिटातून गेला.

त्या फोटोने काय केलं, ते मला वर्षाने कळलं.

ते दोघं पुन्हा आले. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला निघाले होते. बाई थेट काउंटरवर गेल्या. आवाज साधाच होता.

"मला काही नको तुमच्याकडून. फक्त एवढं लिहून द्या, की पाटी तिथे नव्हती."

"आजी, फोटो आहे ना आमच्याकडे."

"त्या फोटोनेच घात केला. लेक म्हणते, आई, एवढी पिवळीधमक पाटी तुला दिसली नाही, मग जिन्याची पायरी काय दिसणार? डोळे तपासून झाले. ठीक निघाले. तर म्हणते, मग लक्ष कुठे असतं तुझं? वर्ष झालं, बाळाला घेऊन मला उभं राहू देत नाहीत. खाली बसायचं, मग मांडीवर देणार. तेही शेजारी कुणीतरी हवंच." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "आणि हे! हेसुद्धा म्हणतात, असेल गं पाटी."

मास्तर वाकून पिशवीचा बंद सारखा करायला लागले.

मॅनेजरला भारी खात्री. त्याने मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. मग मावशींना हाक मारली. "सांगा, पाटी ठेवली होती की नाही?"

मावशींनी साहेबांकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. "हो. मीच ठेवली होती." हे म्हणताना त्यांची मान वर झाली नाही. मला त्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पण चार घरच्या भांड्यांवर संसार ओढून वर ही नोकरी धरून ठेवलेली बाई, तिला दोष तरी किती द्यायचा?

बाई पडद्याजवळ गेल्या. नीट दिसत नाही म्हणून घरात बदनाम झालेल्या त्या बाईने बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"कुठे?"

"पाटीच्या कोपऱ्यावर. कोळ्याचं जाळं आहे हे. रोज मांडायच्या पाटीवर जाळं कसं धरेल हो?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "फरशी मीच पुसली गं. माझ्याच हाताने." मग तिथेच त्यांनी लेकीला फोन लावला आणि घाईघाईने सगळं सांगितलं. पाटी नव्हती, आईचं काही चुकलं नव्हतं, बाळ तिच्याकडे बिनघोर द्यायचं.

फोनचा आवाज मोठा होता. लेक म्हणाली, "बरं झालं कळलं, बाबा. पण आता तो कडेवर राहतोय कुठे? सारखा खाली उतरायला बघतो. चालायला लागलाय ना."

बाई "हो का" म्हणाल्या आणि हसल्या. न मिटणारी बोटं त्यांनी पदराखाली घेतली.

लिहून कुणी काही दिलं नाही. मॅनेजरने मात्र धडा घेतला. आता मावशी मला रोज पुसतात. जाळ्याचा एक तंतू राहू देत नाहीत. मी चोवीस तास लॉबीत, आरशाशेजारी, कोरड्या खडखडीत फरशीवर उभी असते. ओल्या बोळात नेण्याचा हुकूम नाही. सदान्कदा उभी असल्यामुळे माझ्याकडे कुणी बघतही नाही. माझं ठसठशीत 'सावधान' फुकट चाललंय.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. कधी पडलात, तर आधी कुणाची माफी मागू नका. फरशी पुसू नका. वहीत गोड लिहू नका. पडल्या जागेवरून मान वळवा आणि मी कुठे आहे ते बघून ठेवा. कारण तुम्ही उठेपर्यंत मला तिथे आणून उभी करतील, आणि मी तुमच्याविरुद्ध साक्ष देईन. मला विचारणार कोण?