राहीबाईच्या पोटातला करगोटा

या, अजून जवळ सरका. आज अभंगाआधी एक गोष्ट सांगतो. ऐकून झोप लागली नाही, तर मला बोल लावू नका.

पंचाहत्तर साल असेल. शिराळ्याकडच्या एका गावात, ज्या मंडपात कीर्तनं व्हायची तिथंच एक बुवा येऊन बसला. चाकू न लावता मुतखडा काढतो म्हणे. माणसांची रीघ देवळाबाहेर गेलेली. बुवापुढं लाकडी पेटी, तिला काच, आत कंदील. त्याला तो 'पोटाचा आरसा' म्हणायचा.

रांगेत हरिबा बायकोला, राहीबाईला, धरून उभा होता. तिच्या कुशीत कळा, अंगात ताप. डॉक्टरनं मिरजेला न्या म्हटलेलं. पण चिरफाडीला भिऊन हरिबानं तिला इथं आणलेलं. सोबत हरिबाची थोरली बहीण तानुबाई.

राहीबाईचा नंबर आला, तशी बुवानं कंदिलाची वात मोठी केली. काचेवर कणा उजळला, फासळ्या उजळल्या, आणि कुशीला एक पांढरा ठिपका.

"बघ माऊली, तुझ्याच पोटाचा फोटू. डाक्टरला इजेचं मशीन लागतं, आमाला देवाचं नाव पुरतं."

त्यानं राहीबाईचं पोट चोळलं, मूठ उघडली, ताटलीत खडा वाजला. पेटीवर फडकं टाकून उचललं, तर काचेवरचा ठिपका गायब. मंडप दुमदुमला.

"आता डाक्टरचं तोंड बघायचं न्हाई. बघितलं, की खडा परत."

घरी आल्यावर राहीबाईचा ताप चढला. थंडीनं तिचे दात वाजू लागले. चुलीपुढं बसलेली तानुबाई हळूच म्हणाली, "हरिबा, तू कमरंला काय बांधतुस रं?"

"करगोटा. का गं आक्का?"

"आन् राहीनं कवा बांधलाय?"

"बायका बांधत्यात व्हय?"

"मग तिच्या फोटूत कमरंला चांदीचा करगोटा कसा? कड्या एकेक दिसत हुत्या."

हरिबाचा हात आपल्याच करगोट्याकडं गेला.

पहाटे बुवा ओढ्यावर गेला तेवढ्यात तानुबाईनं पेटी उघडली. आत एक्स-रेच्या फिल्मा, एकावर एक. नावांचे कोपरे कापलेले. खडा असलेली आधी, फडक्याआड बदलून नसलेली नंतर, एवढाच चमत्कार. ताटलीतला खडा बाहीतला. करगोट्याची फिल्म तिनं पदराआड घेतली आणि तिघं एस्टीनं मिरजेला गेले.

तिथल्या डॉक्टरांनी राहीबाईचा खरा फोटो काढला. "खडा जागेवरच आहे. लघवी तुंबलीय. उशीर केला असता तर मूत्रपिंड गेलं असतं, कदाचित बाईही."

"चिरणार?" हरिबानं विचारलं.

"आधी नळीनं तुंबलेलं मोकळं करतो, ताप उतरवतो. मग लघवीच्याच वाटेनं तारेची इवली टोपली आत घालायची. एक्स-रेच्या पडद्यावर बघत खडा तिच्यात धरायचा आणि ओढायचा. खडा खाली उतरलाय, म्हणून जमेल. नाही जमलं तर चिरावं लागेल, आत्ताच सांगतो."

"म्हंजी हे बी बिनचाकूचंच."

"हो. पण पडद्यावर मला माझी चूकही दिसते."

जमलं. राहीबाई उठून बसली, पेज प्याली. तेव्हा तानुबाईनं पदराआडची फिल्म काढली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि कमरेच्या कड्यांवर बोट ठेवलं.

"हा सयाजी. वाळव्याकडचा. फोटोपुरता करगोटा सोड म्हटलं, तर अपशकुन होतो म्हणून सोडला नाही. ऑपरेशनला भ्याला, फोटो घेऊन कुणा बुवाकडं गेला. परत आणला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं."

गावी येऊन हरिबानं भर मंडपात पेटी उलटी केली. बुवा मागच्या मागं पळाला, पण त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. लोक फिल्मा बघत होते. प्रत्येक फिल्म कुणीतरी विश्वासानं त्याच्या हाती दिलेली.

देवाचं नाव गोडच आहे. पण ते घेणाऱ्यानं डोळे मिटावेत, असं देवानं कुठं सांगितलंय? दुखणं डॉक्टरला दाखवा. कळलं नाही तर विचारा, पुन्हा विचारा. आणि आज हात जोडाल, तेव्हा त्या सयाजीची आठवण ठेवा. राही जगली ती त्याच्या फोटोमुळं, आणि त्याला ते कधी कळलं नाही.