क्रूझरवरचा अंगठा

"बघून सांग फक्त," सिपोराकाकी म्हणाली. "न्यायच्या लायकीची हाय का नाय, एवढंच."

तिने पुठ्ठ्याचा लांब खोका काळुरामच्या पाटावर, रंगाच्या वाट्या सरकवून, ठेवला. झाकणावर युद्धनौकेचं चित्र होतं. चारी बाजूंनी पाणी उसळत होतं आणि तोफा धूर ओकत होत्या. आत राखाडी प्लास्टिकचे सुटे भाग होते. जहाजाच्या अंगाच्या दोन बाजू तेवढ्या चिकटवून झाल्या होत्या.

"काकांनी एवढंच केलं?"

"हात कापायचे रे. एक बाजू लावायला आख्खा दिवस घ्यायचे. मी म्हणायची, या वयात होड्या कसल्या खेळता? तर म्हणायचे, होडी नाय गो, क्रूझर म्हण."

पेणच्या रामवाडीत काळुरामची गणपतीच्या मूर्ती बनवायची शेड होती. सिपोराकाकीचा नवरा अब्राहमकाका रोह्याजवळच्या अष्टमीचा. आरमारातून निवृत्त झाल्यावर तो महिन्यातून एकदा गाडीने पेणला यायचा, शेडमध्ये स्टुलावर बसून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी बघायचा आणि जाताना बारीक ब्रश मागून न्यायचा. दुसऱ्या महायुद्धातली इंग्रजांची एक क्रूझर पुढे आपल्या आरमारात आली होती. तिच्या बॉयलरपाशी त्याने उमेदीची वर्षं काढली होती. हा संच तशाच क्रूझरचा होता. लेकीने इस्रायलहून पाठवला होता. काका गेल्या हिवाळ्यात वारला. आता काकी कायमची लेकीकडे निघाली होती.

"लेक म्हणते, आई, असली खेळणी इथं ढीग मिळतात. इमानात वजन करतात, उगा ओझं आणू नको. मी तिला म्हटलं, पेणचा काळुराम सांगेल तसं. तू नाय म्हणालास तर ठेवून जाईन. तुझा हात साच्यात मुरलेला, तुला कळेल."

बाहेर टेम्पो आला. काळुराम मूर्ती चढवायला उठला. तो परत आला तेव्हा काकी मैनाशी, त्याच्या बायकोशी, कोपऱ्यात बोलत होती. मग चहा न घेताच ती गाडी गाठायला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळुरामने संच पाटावर मांडला. गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि चाळीसएक मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या. तरी त्याने वेळ काढला. साचा जुना झालेला दिसत होता, कडा मऊ आल्या होत्या. तोफांच्या नळ्या प्रमाणाबाहेर जाड होत्या. छोट्या होड्यांना साच्यातून निसटलेल्या प्लास्टिकच्या झालरी होत्या. नावाची चिकटवायची चित्रं पिवळी पडली होती. पुढच्या टोकाशी दोन बाजू जुळत नव्हत्या, मध्ये नखभर फट होती. पण अंगाचा बाक खरा होता. कोणी तरी जहाज नीट बघून साचा कोरला होता.

त्याच टोकाजवळ, उजव्या बाजूला, अंगठ्याचा ठसा होता. असल्या संचांच्या गोंदाने प्लास्टिक विरघळतं. ओल्या गोंदाचा हात तिथे टेकला असणार. रेषा न् रेषा उठली होती.

काळुरामच्या बापाने त्याला लहानपणी एकच गोष्ट मारून शिकवली होती: देवावर कारागिराचं बोट दिसता कामा नये. बोट दिसलं की मूर्ती परत पाटावर. त्याने फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, ती सुकू दिली, पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि फटीबरोबर ठसाही घासून टाकला. बघून सांग म्हटलं होतं, घास म्हटलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. हात आपोआप चालला. मग त्याने जहाज उजेडात तिरकं धरलं. अंग आरशासारखं सपाट झालं होतं.

मैना चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"अंगठा कुठं गेला?"

"कुठला?"

"अहो, काकांचा! काल काकींनी दाखवला ना मला. फोटो हाय म्हणाल्या, पण फोटोवर हात ठेवला तर काच लागते. ह्याच्यावर रोज बोट ठेवते म्हणाल्या."

काळुरामने जहाज खाली ठेवलं.

"मला का नाय सांगितलं?"

"लाजल्या त्या. म्हणाल्या, काळुराम हसंल."

मैनाने चहा त्याच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "खरं सांगून टाका. घासलं म्हणावं, चुकून."

"मग ती नेईल?"

मैनाने ओला पॉलिश पेपर पाटावरून उचलला.

काळुरामने काकांच्या खोक्यातली गोंदाची नळी काढली. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिचा एक तुकडा घेऊन त्यावर आधी करून पाहिलं. पहिल्यांदा गोंद जास्त झाला, दुसऱ्यांदा ठसा पुसट आला. तिसऱ्यांदा जमला. मग त्याने जहाजाच्या त्याच जागी गोंद लावला, थोडा सुकू दिला आणि आपला अंगठा टेकवला.

"हे बरं नाय हां," मैना म्हणाली.

"तू गप."

"मी गपच हाय. पण हे बरं नाय."

घासलेली जागा चमकत होती. ती झाकायला त्याने सगळ्या अंगावर राखाडी रंगाचा पातळ हात मारला. रंग ठशाच्या रेषांत नीट उतरला. काम चांगलं झालं होतं. इतकं चांगलं झालं, याचाच त्याला त्रास झाला.

रविवारी तो रोह्याला उतरला आणि कुंडलिकेवरचा पूल ओलांडून अष्टमीत आला. काकीच्या ओटीवर दोन बॅगा भरून उभ्या होत्या. काकी मागे ठेवणार होती ती भांडी न्यायला शेजारची सरू आली होती.

"या मूर्तिकार!" सरू म्हणाली. "हिचं जहाज तरंगतंय का बुडतंय, सांगा एकदा. सकाळधरनं डोकं खाल्लंय."

"तू पातेली मोज गो," काकी म्हणाली. "बोल रे तू."

काळुरामने एक एक सांगितलं. साचा जुना आहे. तोफा जाड आहेत, पण घासून बारीक करता येतील. होड्यांच्या झालरी कापाव्या लागतील. नावाची चित्रं टाकून द्यायची. टोकाला फट होती, ती त्याने बुजवली. काही लपवायचं नाही असं ठरवल्यासारखा तो मोजून बोलत होता. फटीपाशी येऊन तो थांबला. ठसा घासल्याचं वाक्य पुढचंच होतं.

"म्हणजे टाकाऊ," काकी म्हणाली.

"नाय, नाय. अंग खरं हाय, काकी. जहाज असंच असणार. घेऊन जा."

काकीने खोका मांडीवर घेतला. जहाज बाहेर काढलं आणि न बघता बोट उजव्या बाजूला नेलं. बोट थांबलं, थोडं मागे गेलं, परत पुढे आलं.

"पयला बारीक लागायचा," ती म्हणाली.

सरूने पातेलं खाली ठेवलं. ती काकीकडे पाहू लागली.

"रंग दिलाय ना," काळुराम म्हणाला. "रंग बसला की तसं लागतं."

काकीने त्याच्याकडे पाहिलं. मग जहाजाकडे. मग पुन्हा एकदा बोट त्या जागेवर ठेवलं.

"असंल," ती म्हणाली. "तुला कळतं त्यातलं."

तिने आपलं जुनं सुती पातळ अर्धं फाडलं, त्यात जहाज गुंडाळलं आणि खोक्यात बसवलं. सुटे भाग भोवतीने लावले. झाकण घालून सुतळी आडवी-उभी फिरवली. गाठ मारताना सुतळी सैल पडत होती.

"बोट ठेव रे इथं," ती म्हणाली.

काळुरामने सुतळीच्या फुलीवर अंगठा दाबून धरला. काकीने दोन्ही टोकं ओढली. म्हातारी असली तरी हाताला जोर होता.

"काढ आता."

त्याने अंगठा काढला नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं.